अंगठा उचलल्यावर

इडालिना बेटनकोरला सॅन होजेच्या पूर्व भागातले सगळे पोर्तुगीज लीना म्हणत आणि तिच्या थोरल्या भावाला, हर्मिनियोला, मीनो. मीनो नळदुरुस्ती करायचा. चर्चच्या आसपासच्या दहा गल्ल्यांत असं एकही स्वयंपाकघर नव्हतं, की ज्याच्या सिंकखाली उताणा पडून त्याने गप्पा छाटल्या नाहीत. लोक म्हणत, नळ दहा मिनिटांत दुरुस्त होतो, मीनोला दाराबाहेर काढायला तास लागतो.

बावन्नाव्या वर्षी त्याच्या मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली. पाच आठवडे इस्पितळात काढून तो घरी आला तेव्हा त्याचे डोळे हलत होते आणि डाव्या हाताचा अंगठा. बाकीचं शरीर कोणी आणून ठेवल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, त्याला सगळं ऐकू येतं, सगळं समजतं. ही बातमी चांगली की वाईट, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

त्यांची आई, माई, तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांची होती. तरुणपणी पोर्तुगालच्या एका बेटावरून इथे आली आणि तीस वर्षं जर्दाळू डबाबंद करण्याच्या कारखान्यात उभी राहिली. तिथल्या सगळ्या बायका बेटावरच्याच, त्यामुळे इंग्रजी तिच्या जिभेला कधी चिकटलंच नाही. ती अक्षरांचा फळा मीनोसमोर धरायची, एकेका अक्षरावर बोट ठेवायची आणि मीनो हवं तिथे डोळे मिटायचा. ‘पाणी’ म्हणायला चार मिनिटं लागायची. जो आयुष्यात एकही वाक्य थोडक्यात बोलला नव्हता, तो आता एकेका शब्दाचा हिशेब करून बोलू लागला, आणि मग त्याने बोलणंच सोडलं.

लीना तीस वर्षं प्रोग्राम लिहीत आली होती. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती याच घरात परत आली होती आणि गॅरेजचं तिने आपलं ऑफिस केलं होतं. भावासाठी काहीतरी करायचं म्हणून तिने एक प्रोग्राम लिहायला घेतला. मीनोच्या अंगठ्याखाली एक छोटं बटण बसवायचं, ते फोनला जोडायचं. फोनच्या पडद्यावर एक चौकट एकेका जागेवरून सरकत जाणार; हव्या जागी आली की मीनोने बटण दाबायचं. त्याने अक्षरं निवडायची, शब्द जुळवायचे, फोनने ते मोठ्याने बोलायचे. फोन उचलायचा, पत्र पाठवायचं, पत्ते खेळायचे, सगळं एका अंगठ्यावर. त्याचं नाव तिने पोलेगार ठेवलं. त्यांच्या भाषेत अंगठाच.

पण घोडं एका ठिकाणी अडलं. फोन हॅलयार्ड कंपनीचा होता, आणि त्या फोनमध्ये एका ॲपला दुसऱ्या ॲपचं बटण दाबायला मनाई होती. तसं ते बरोबरच होतं, नाहीतर कोणीही कोणाच्या बँकेत हात घातला असता. अंगठ्याखालच्या बटणाची बारीक हालचालसुद्धा बाहेरच्या ॲपला कळत नसे. कंपनीच्या स्वतःच्या प्रोग्रामांना मात्र हे सगळं करता यायचं. त्यासाठी फोनच्या मूळ प्रणालीच्या पोटात काही आज्ञा होत्या, ज्या बाहेरच्यांना दिलेल्या पुस्तकात छापलेल्या नव्हत्या. त्यांना कुलूप नव्हतं. फक्त त्यांची नावं कोणाला ठाऊक नव्हती. धंद्यातले लोक त्यांना आतली दारं म्हणत.

ग्रँट ओवरबीला ती नावं ठाऊक होती. बारा वर्षांपूर्वी तो लीनाच्या हाताखाली कामाला लागला होता, तेव्हा त्याला धड काही येत नव्हतं. तिने त्याला शिकवलं, चुका पोटात घातल्या, रविवारी जेवायला घरी आणलं. मीनोने त्याला स्वेका हा त्यांचा पत्त्यांचा डाव शिकवला आणि दर डावाला शिव्या घालून शहाणा केला. पुढे ती कंपनी बुडाली आणि ग्रँट हॅलयार्डमध्ये गेला. मीनो घरी आल्यावर तो भेटायला आला. माई फळा धरून बसली होती. मीनोला त्याला काहीतरी सांगायचं होतं. वीस मिनिटांनी शब्द पुरा झाला: ‘हुकूम’. गेल्या वेळी ग्रँटने हुकमाचं पान फुकट घालवलं होतं, तेवढं त्याला सांगायचं होतं. ग्रँट हसला आणि मग अंगणात जाऊन बराच वेळ उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात त्याने लीनाला दुपारच्या जेवणाला बोलावलं आणि दोन आज्ञांची नावं सांगितली. लिहून घेऊ नकोस, लक्षात ठेव, म्हणाला. आम्ही स्वतः तेच वापरतो. कोणी विचारलं तर तुझं तुला सापडलं.

तिसऱ्या महिन्यात मीनो बोलला. फोनचा पोर्तुगीज आवाज लिस्बनच्या सरकारी कारकुनासारखा होता. माईने ऐकलं आणि तोंडाला पदर लावावा तसा ॲप्रन लावून हसत सुटली. मग लीनाने दोन वर्षं खपून त्या आवाजाला बेटावरची बोली शिकवली, स्वर गिळायला लावले. आता मीनो हाक मारायचा आणि माई स्वयंपाकघरातून ओरडायची, “आले रे, काय जळतंय का?” दिवसभर चालायचं. सुपात मीठ कमी आहे, शेजारीण पुन्हा केस रंगवून आली, लिंगीसा सॉसेज त्या नव्या दुकानातून आणू नकोस, त्यात भुसा असतो. तेच तेच आणि फुटकळ. लीनाला गॅरेजमध्ये ते ऐकू यायचं आणि कधीकधी तिला वाटायचं, देवा, याला पाच मिनिटं गप्प कर.

पोलेगार तिने हॅलयार्डच्या ॲपच्या दुकानात ठेवलं. कंपनीचे तपासनीस ते पाहत, आतलं दार वापरलेलं त्यांना दिसत असे, आणि ते डोळेझाक करत. सात वर्षं केली. अकराशे माणसं ते वापरू लागली. पाठीचा कणा मोडलेले, जन्मतःच स्नायू न वळणारे, आणि शरीर हळूहळू गोठवत नेणाऱ्या आजाराने ग्रासलेले. त्यातल्याच वेरा कोस्की. उत्तरेत डलूथला राहायच्या, चौतीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेल्या. त्या दर महिन्याला पत्र लिहायच्या. “प्रिय मिस बेटनकोर, तुमच्या मदतीच्या पानावर तिसऱ्या ओळीत स्वल्पविराम नाही. बाकी प्रोग्राम उत्तम. सवड होईल तेव्हा दोन्हीकडे लक्ष द्यावे.” मीनोने त्यांना फोनवरून स्वेका शिकवला. दोघांचे दोन अंगठे, एक डाव पुरा व्हायला अख्खी दुपार जायची, आणि मीनो त्यांनाही ग्रँटसारख्याच शिव्या घालायचा. वेराबाई त्या शिव्यांचं व्याकरण तपासून परत पाठवायच्या.

मग चोर शिरला. बॅटरी वाचवण्याचं एक फुकट ॲप होतं, लाखो लोकांनी घेतलेलं. ते त्याच आतल्या दारातून लोकांचे निरोप वाचत होतं आणि विकत होतं. वर्तमानपत्रांत आलं, खासदारांनी प्रश्न विचारले. जूनमध्ये हॅलयार्डचा वार्षिक मेळावा भरला तेव्हा मंचावरून जाहीर झालं की या शरद ऋतूपासून सगळ्या आतल्या दारांना कुलूप. हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या. लीना तिसाव्या रांगेत बसली होती. शेजारच्या माणसाने तिला विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?

ग्रँट आता त्याच विभागाचा प्रमुख होता. मेळाव्यात तो तिला जिन्याखाली भेटला आणि तिच्या आधी त्यानेच विषय काढला. काळजी करू नकोस, म्हणाला. तू काय वापरतेस, कशासाठी वापरतेस, त्यावाचून काय अडेल, सगळं लिहून दे. जितकं लिहिशील तितकं चांगलं. मी स्वतः वर नेतो. कारण पटलं तर दार सगळ्यांसाठी उघडं करू, राजरोस, पुस्तकात छापून. लीनाला हे पटलं. तिला खरं तर आनंदच झाला. सात वर्षं ती मागच्या दाराने जात होती, आता पुढच्या दाराने बोलावणं आलं होतं.

तीन आठवडे तिने दुसरं काही केलं नाही. मीनोला शेजारी बसवलं, वेराबाईंना आणि आणखी चाळीसेक जणांना विचारलं, आणि सात वर्षांत जे जे कळलं होतं ते सगळं लिहून काढलं. दिवस कलला की अंगठा थकतो, तेव्हा चौकटीचा वेग आपोआप कमी झाला पाहिजे. आचके येणाऱ्या माणसाचं बटण नको तेव्हा दाबलं जातं, म्हणून दाबणं मोजायचं नाही, अंगठा उचलणं मोजायचं. हे मीनोने सांगितलेलं. पहिल्या वर्षी तो रोज चिडायचा आणि लीनाला कळायचं नाही का, शेवटी त्याने अर्धा दिवस घालवून तिला समजावलं होतं: दाबणं माझ्या हातात नाही, सोडणं आहे. सगळी मिळून एक्केचाळीस पानं झाली. वेराबाईंनी स्वल्पविराम तपासले. लीनाने ती पाठवली. पोचल्याचा एक क्रमांक आपोआप आला.

सहा आठवडे काही नाही. ग्रँट फोन उचलेना. सातव्या आठवड्यात एका ओळीचं उत्तर आलं: “ठरवल्याप्रमाणेच चालू आहे. विनंती बंद केली.” खाली कोणाचं नाव नव्हतं.

सप्टेंबरात हॅलयार्डने नवा फोन दाखवला. सकाळी दहाला कार्यक्रम होता. लीनाने तो बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीवर लावला. मीनो खुर्चीत, माई वाटाणे सोलत. अर्धा तास कॅमेऱ्याचं कौतुक झालं. मग मंचावर एक बाई आली आणि मंद संगीत सुरू झालं. आता एक गोष्ट, म्हणाली, जी आमच्या हृदयाच्या अगदी जवळची आहे. तिचं नाव एकस्पर्श. पडद्यावर एक चौकट सरकू लागली. आमच्या माणसांनी वर्षानुवर्षं अशा लोकांच्या शेजारी बसून शिकून घेतलं, ती सांगत होती. संध्याकाळी थकवा येतो म्हणून वेग आपोआप कमी होतो. आणि ही सगळ्यात सुंदर गोष्ट: आम्ही दाबणं मोजत नाही, उचलणं मोजतो. सभागृह उभं राहिलं. कॅमेऱ्याने एकाचे ओले डोळे दाखवले.

माई म्हणाली, “अगं, हे आपल्या मीनोचंच ना? बघ, किती लोक टाळ्या वाजवतायत.” तिला भाषा कळत नव्हती, चित्र कळलं होतं. मीनोचा अंगठा हलत होता. लीना वळून बघेना. फोन बोलला, “उचलणं मी सांगितलं होतं.” थोड्या वेळाने पुन्हा, “लीना, ते मी सांगितलं होतं.”

एकस्पर्श फक्त हॅलयार्डच्या स्वतःच्या ॲपमध्ये चालायचं. बँकेत नाही, पत्त्यांत नाही, औषधांच्या दुकानात नाही. नव्या फोनवरच चालायचं, आणि तो बहुतेकांना परवडणारा नव्हता. आणि आठ भाषा बोलायचं, त्यांत पोर्तुगीज नव्हती, बेटावरची तर सोडाच. पुढे भाषा वाढवण्याचा विचार आहे असं एका कोपऱ्यात लिहिलेलं होतं.

लीनाने अकराशे जणांना कळवलं की दारांना कुलूप घालणारा हा नवा अपडेट घेऊ नका. किती दिवस टिकणार होतं ते? फोन रोज विचारायचा, घेऊ का, घेऊ का; आणि ज्यांना स्वतःचं बोट हलवता येत नाही त्यांच्या घरात बोट हलवणारी माणसं असतातच. वेराबाईंच्या भाच्याने, एमिलने, मावशीचा फोन पुसता पुसता ‘हो’ दाबलं. भला माणूस, मदतच करत होता. त्या दिवसापासून पोलेगारला त्यांचा अंगठा ऐकू येईनासा झाला. अकरा दिवसांनी एमिलच्या हातची चिठ्ठी आली, फळ्यावरून एकेक अक्षर घेऊन लिहिलेली: “प्रिय मिस बेटनकोर, एवढ्याला पन्नास मिनिटं लागली. स्वल्पविराम तपासून पाहा.”

मीनोचा फोन लीनाने जिवापाड जपला, पण नोव्हेंबरात तो पाण्यात पडला. माईच्याच हातून, कोमट पाण्याने त्याचे हात धुताना. जुन्या प्रणालीचा फोन आता दुकानात मिळेना. मिळाले त्या सगळ्यांत नवी प्रणाली भरलेली. एकस्पर्श लावून पाहिलं. मीनो इंग्रजीत बोलू लागला, एका तरुण, आनंदी, कोण कुठल्या माणसाच्या आवाजात. माई लीनाकडे बघायची, काय म्हणतोय तो? लीना सांगायची. दोन दिवस लीनाने आई आणि मुलामध्ये दुभाषाचं काम केलं. तिसऱ्या दिवशी मीनोने अंगठा हलवला नाही. माईने कपाटातून जुना फळा काढला, पण सात वर्षांत तिची नजर अधू झाली होती. अक्षर कुठे आणि बोट कुठे. ‘सूप’ला ‘साप’ समजून ती घाबरली. मग ती नुसतीच त्याच्याजवळ बसून राहायची. स्वयंपाकघरातून कोणी कोणाला ओरडत नव्हतं. लीनाला गॅरेजमध्ये काम करता येईना.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी ती हॅलयार्डच्या फाटकासमोरच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसली आणि ग्रँटला निरोप पाठवला की तू येईपर्यंत मी इथून उठणार नाही. तो वीस मिनिटांत आला. केस पिकले होते.

“माझी पानं वाचलीस?” तिने विचारलं.

“दोनदा. वरच्या बैठकीत मीच मांडली.”

“मग?”

“त्यांना आवडली.” तो कपाच्या झाकणाशी चाळा करत होता. “फारच आवडली, लीना. तिथेच घोटाळा झाला. मी गेलो होतो दार मागायला. ते म्हणाले, बाईने इतकं नीट लिहून दिलंय, तर आपणच करू की. बाहेरच्यांना दार कशाला द्यायचं?”

“आणि तू काय म्हणालास?”

“मी गप्प बसलो.”

“मीनोला गप्प बसवायला गुठळी लागली,” लीना म्हणाली. “तुला एक बैठक पुरली.”

ग्रँट लाल झाला, पण उठून गेला नाही. हळू आवाजात म्हणाला, “त्या दारातून काय काय गेलं ते तुला माहीत नाही. एक बाई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून पळाली होती. त्याने तिचे निरोप विकत घेतले आणि तिला शोधून काढली. मी तिला भेटलो, तिच्या जबड्यात तारा होत्या. ते दार मी कसं उघडं ठेवू, सांग ना.”

“बंद कर. आणि मला किल्ली दे. माझं नाव आहे, पत्ता आहे, सात वर्षांची ओळख आहे.”

“तुला दिली की दहा हजार लोक रांग लावतील. खरा कोण, चोर कोण, कोणी ठरवायचं?”

“ती मंचावरची बाई ठरवेल, हृदयाच्या जवळची.”

तो हसला नाही. मग जे बोलायला तो आला होता ते बोलला. “तू आत ये. नोकरी आहे, मी जागा राखून ठेवलीय. आतल्या माणसांच्या फोनवर सगळी दारं उघडी असतात, घरच्यांसाठीही तसा फोन मिळतो. मीनो नाताळच्या आत बोलू लागेल. त्याच आवाजात.”

“आणि बाकीचे अकराशे?”

“पोलेगार बंद करावं लागेल. कागदावर सही करावी लागेल, की त्याबद्दल बाहेर काही बोलणार नाही.”

“ते उत्तर तू लिहिलंस का? ठरवल्याप्रमाणेच चालू आहे.”

“नाही,” ग्रँट म्हणाला. मग म्हणाला, “पण मला वाचायला आलं होतं आधी.”

घरी जाताना गाडीत लीनाने नकार मनातल्या मनात तीनदा बोलून पाहिला. प्रत्येक वेळी तो जास्त चांगला वाटला. फक्त मीनोच्या कानावर घालायचं बाकी होतं. तो काय म्हणेल याची तिला खात्री होती. नळाचं सामान बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने एकदा त्याला बोलावलं होतं, तेव्हा त्याने त्यांना चारचौघांत काय उत्तर दिलं होतं ते अजून लोक सांगत.

तिने फळा धरला आणि सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. अकराशे जणांबद्दल जरा जास्तच सांगितलं. मीनोने पहिल्या अक्षरावर डोळे मिटले, मग दुसऱ्या. ‘घे’.

तिला वाटलं आपलं बोट चुकलं. तिने पुन्हा पहिल्यापासून अक्षरं लावली. ‘घे’.

“वेराबाईंचं काय?” तिने विचारलं. मग त्याने पाऊण तास घेऊन सांगितलं, आणि त्या पाऊण तासात माई दोनदा येऊन गेली, जेवायचं का विचारून. मीनोने सांगितलं ते एवढंच: माई चौऱ्याऐंशीची आहे. आणि तू त्यांच्यासाठी लिहिलं नव्हतंस, माझ्यासाठी लिहिलं होतंस.

लीना रडली नाही. तिला राग आला, आणि कोणाचा ते धड कळेना. भावाने शूर असावं असं तिला वाटत होतं, म्हणजे मग तिला स्वतःला शूर व्हायची किंमत त्याच्या खात्यावर टाकता आली असती. तो साधा माणूस निघाला. त्याला आईशी बोलायचं होतं.

अकराशे जणांना पाठवायचं पत्र हॅलयार्डच्या वकिलांनी लिहून दिलं. त्यात लीनाने शेवटी ‘मला माफ करा’ एवढं घातलं होतं. ते काढलं गेलं. माफी मागितली की चूक कबूल केल्यासारखं होतं, असं एका मुलीने तिला फार गोड आवाजात समजावलं. पत्र गेलं. उत्तरं सुमारे दोनशे आली. काही शिव्या होत्या, बहुतेक आभार होते, आणि आभारांची उत्तरं वाचणं जास्त कठीण होतं. वेराबाईंकडून एमिलने पाठवलं: “प्रिय मिस बेटनकोर, हे पत्र तुम्ही लिहिलेले नाही. यात एकही चूक नाही.”

नाताळच्या चार दिवस आधी लीनाने मीनोच्या अंगठ्याखाली बटण बसवलं. पहिल्याच वाक्यात त्याने माईला सांगितलं की गेले पाच आठवडे सुपात मीठ नव्हतं. माईने चमचा खाली ठेवला आणि त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले.

हॅलयार्डमध्ये लीनाला पाचव्या मजल्यावर खिडकीजवळची जागा मिळाली. काम कॅलेंडरचं होतं: सुट्ट्या, वाढदिवस, बैठकांच्या वेळा. एकस्पर्शच्या गटात माणसं पुरेशी होती, आणि त्यांच्या प्रमुखाने, म्हणजे त्या मंचावरच्या बाईने नव्हे, एका पोरगेल्या गृहस्थाने, लीनाला जेवणाच्या रांगेत सांगितलं की त्यांना ताजी नजर हवी आहे, जुन्या सवयी नकोत. एक्केचाळीस पानं त्याने पाहिली होती. कोणी लिहिली ते त्याला माहीत नव्हतं आणि लीनाने सांगितलं नाही. तिची सही त्या कागदावर होती. ग्रँट कधी लिफ्टमध्ये भेटायचा. मीनोची चौकशी करायचा. रविवारी ये, असं तिने त्याला कधी म्हटलं नाही, आणि त्यानेही आपण होऊन विचारलं नाही.

मार्चमध्ये पोलेगारच्या जुन्या पत्त्यावर एमिलचं पत्र आलं. मावशी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गेली. शेवटी फळ्यावरची अक्षरंही तिला थकवायची, म्हणून तीन आठवडे ती काही बोलली नाही. काय हवं, काय नको ते आम्ही अंदाजाने करत होतो, बहुतेक चुकतच असणार. तुमच्या प्रोग्राममुळे आम्हाला ती सहा वर्षं जास्त मिळाली. तुमच्या भावाला सांगा, पत्त्यांचा डाव अर्धा राहिलाय आणि तिच्या मते ती जिंकत होती.

उत्तर द्यायचं म्हणजे पोलेगारबद्दल बाहेरच्या माणसाशी बोलायचं. लीनाने रीतसर परवानगी मागितली. नऊ दिवसांनी ती मिळाली, सोबत एमिलला पाठवायची दोन वाक्यंही: तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आपल्या भावना आमच्यासाठी महत्त्वाच्या आहेत. नऊ दिवस तिने मनात एक लांबलचक पत्र लिहिलं होतं, तोडून जोडून, पुन्हा तोडून. समोर कॅलेंडर उघडं होतं, एप्रिलच्या सुट्ट्या रंगवायच्या होत्या. मग तिने ती दोन वाक्यं जशीच्या तशी एमिलला पाठवली.

घरी तिने मीनोला सांगितलं, वेराबाई गेल्या. माई टेबलावर बशा मांडत होती. बराच वेळ चौकट सरकत राहिली, नुसतीच, तो काही निवडेना. मग फोन बोलला, बेटावरच्या बोलीत:

“शेवटी बोलता येत होतं का तिला?”

“हो,” लीना म्हणाली. “शेवटपर्यंत.”

मीनोचे डोळे तिच्यावर होते. त्याने अंगठा दाबला आणि पुष्कळ वेळ उचललाच नाही. मग उचलला. “माई, ही खोटं बोलतेय.”

माईने सुपाचं भांडं मध्ये ठेवलं. “दमून आलीय ती,” म्हणाली. “आधी जेवू दे तिला.”